जुन्या नाण्यांचे लाखो रुपये आणि 'सगळे डीलर चोर': त्या फॉरवर्डला उत्तर

"गोवेकरांनो, आजोबांच्या पेटीतली नाणी डीलरला देऊन लुटले जाऊ नका" असा सुरू होणारा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. आमच्या फॅमिली ग्रुपवर आला, देवळाच्या ग्रुपवर आला, आणि टाकणारे सगळे शिकलेसवरलेले लोक. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पोर्तुगीज चांदीचा रुपया तीन लाखांना जातो, वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं दहा लाखांना, ट्रॅक्टरवाली पाचाची नोट पाच लाखांना. डीलर हे तुम्हाला कधी सांगणार नाही कारण तो शंभरला घेतो आणि हजारला विकतो, सगळे चोर. नाण्यांच्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे किमतींच्या यादीच्या पुस्तकात, छापलेली किंमत मिळणं हा तुमचा हक्क. दुकानात नाणं नेलंत तर हातचलाखी करून बदलतात. तेव्हा नाणी घासून चकचकीत करा, फोटो काढा, खालच्या नंबरवर 'रिझर्व्ह बँक मान्य' खरेदीदाराला पाठवा, परदेशी क्लायंट तयार आहेत, घरबसल्या पैसे खात्यात.

एरवी असले मेसेज मी उघडतसुद्धा नाही. पण या वेळी फोंड्याला माझ्या आत्याने ते खरं धरलं. रजिस्ट्रेशनचे म्हणून १,८५० रुपये भरले, मग जीएसटीचे म्हणून ८,६०० मागितले तेव्हा तिने मला फोन केला. आणि त्याच्या आधी, मेसेज वाचल्या वाचल्या, मडगावच्या ज्या डीलरकडे ती कितीतरी वर्षं जातेय त्यांना फोन लावून "शेट, तुम्ही मला एवढी वर्षं फसवलंत" असं सुनावून मोकळी झाली. पैसे गेले ते गेलेच, पण मला हे दुसरं जास्त लागलंय, कारण त्या माणसाने तिला कधी एक पैशाला फसवलेलं नाही आणि ज्याने फसवलं त्याचं तिला नावसुद्धा माहीत नाही. म्हणून मेसेजमधला एकेक मुद्दा घेतो. मी नाणी जमवतो, विकत नाही, कुणा डीलरशी माझी भागीदारी नाही, हे आधीच सांगून ठेवतो नाहीतर खाली कमेंटमध्ये तेच येणार.

"रिझर्व्ह बँक मान्य खरेदीदार"

सगळ्यात आधी हे, कारण सगळं नुकसान इथे होतं. असा खरेदीदार अस्तित्वातच नाही. ४ ऑगस्ट २०२१ला रिझर्व्ह बँकेने स्वतः प्रसिद्धीपत्रक काढून सांगितलंय की काही लोक बँकेचं नाव आणि लोगो वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात लोकांकडून फी, कमिशन, टॅक्स असं मागतायत, बँक असल्या व्यवहारात पडत नाही, कुणाकडून कसलीही फी मागत नाही, आणि बँकेच्या नावाने अशी फी घेण्याचा अधिकार तिने कुठल्याही संस्थेला, कंपनीला किंवा माणसाला दिलेला नाही. बँकेच्या वेबसाइटवर हे पत्रक आहे, कुणीही बघावं. एवढं एक पत्रक वाचलं असतं तरी आत्याचे पैसे वाचले असते, आणि हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांपैकी एकानेही ते वाचलं नाही.

बरं, पोर्तुगीज रुपयाच्या बाबतीत तर ही थाप आणखीच उघडी पडते. हा रुपया रिझर्व्ह बँकेचं चलन कधी नव्हताच. १९६१पर्यंत गोव्यात नोटा चालायच्या त्या बांको नासियोनाल उल्त्रामारिनोच्या, आणि १९५८नंतर तर रुपिया, म्हणजे हा पोर्तुगीज रुपयाच, जाऊन एस्कुदो आणि सेंतावो ही नवी पोर्तुगीज नाणी आली होती. म्हणजे जिचा या नाण्याशी कधी काही संबंधच आला नाही, ती बँक ते विकत घ्यायला माणसं कशाला नेमेल?

आत्याला आलेल्या कागदाचा फोटो मी बघितला. वर अशोकस्तंभ, बाजूला बँकेचा लोगो, खाली शिक्का, मध्ये तिचं नाव आणि '३२,००,००० रुपये मंजूर'. इंग्रजीत चुका, सहीच्या जागी नुसतं 'मॅनेजर'. यांची पद्धत ठरलेली असते. पहिली रक्कम एवढी छोटी ठेवतात की माणूस म्हणतो जाऊदे, दोन हजाराने काय होतंय. ती भरली की टॅक्स, मग इन्शुरन्स, मग कुरिअर, मग 'पैसे होल्डवर आहेत, क्लिअरन्स चार्ज भरा'. आधी भरलेले बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरत जातो. आत्या दुसऱ्या पायरीवर थांबली हे नशीब.

इथे एक गोष्ट पक्की धरा. तुम्ही नाणं विकताय, म्हणजे पैसे समोरच्याने तुम्हाला द्यायचे. विकणाऱ्याने आधी पैसे भरायचे असा धंदा जगात कुठेच नाही. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात. कुणी भरले असतील तर लाजून बसू नका, लगेच १९३० वर फोन करा, सायबर फसवणुकीसाठीचाच तो नंबर आहे, जितक्या लवकर कराल तितकी पैसे मध्येच अडवले जाण्याची शक्यता जास्त.

आणि ते 'परदेशी क्लायंट'. शंभर वर्षांपूर्वीचं नाणं १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं, आणि पुरावस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवणं गुन्हा आहे. १८८२चा रुपया कुणा परदेशी माणसाला कुरिअर करा असं जो सांगतो तो तुम्हाला पैशात तर बुडवतोच, वर कायद्यातही अडकवतो.

"वैष्णोदेवी दहा लाख, ट्रॅक्टर पाच लाख, डायमंडवालं नाणं असेल तर विचारूच नका"

यावर फार वेळ घालवत नाही. वैष्णोदेवीचं नाणं २०१२ला श्राइन बोर्डाच्या पंचवीस वर्षांनिमित्त निघालं, पाच आणि दहा रुपयांचं, ते चलनात सोडलेलं नाणं आहे. आजही किराणा दुकानात सुट्ट्या पैशांत येतं. जी वस्तू दुकानदार तुम्हाला पाच रुपये म्हणून परत देतो तिला दहा लाख कोण देईल? ट्रॅक्टरची नोट वर्षानुवर्षं छापली गेली, घराघरात पडून आहे. गेंड्याचे पंचवीस पैसे ३० जून २०११ला चलनातून बाद झाले म्हणून ते दुर्मिळ झाले असं नव्हे, पोत्यांनी पडलेत. आणि सालाच्या खाली जो छोटा डायमंड असतो ती मुंबईच्या टांकसाळीची खूण आहे. हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका, कोलकात्याला खूणच नसते. म्हणजे मुंबईत पाडलेल्या झाडून सगळ्या साध्या नाण्यांवर डायमंड येणारच. ७८६ नंबरच्या नोटेला हौशी माणूस थोडे जास्त देतो हे खरंय, पण थोडे म्हणजे थोडेच.

याच मेसेजला खाली कुणीतरी व्हिडिओ जोडलाय, १६१६ सालचं ईस्ट इंडिया कंपनीचं हनुमानाचं नाणं, तांदूळ ओढून घेतं म्हणे. हे मात्र धोकादायक आहे म्हणून थांबतो. १६१६ला कंपनी सुरतेला वखार टाकून व्यापाराची परवानगी टिकवायच्या धडपडीत होती, मुंबई बेट तिच्या हातात आलं १६६८ला आणि तिथली टांकसाळ त्याच्याही नंतरची. कंपनीने देवादिकांची चित्रं असलेली 'हाफ आना' नाणी कधी पाडलीच नाहीत, ते सगळे नंतर कुणीतरी ओतलेले टोकन आहेत, जत्रेत मिळायचे. आणि तांदूळ ओढण्याच्या नावाखाली 'टेस्टिंग'साठी, 'शास्त्रज्ञ' बोलावण्यासाठी म्हणून लोकांनी जमिनी विकून पैसे घातलेत. 'राईस पुलर' म्हणून पोलिसांत कितीतरी केसेस झाल्यात. तुमच्या ओळखीत कुणी हे बोलायला लागला तर त्याच्या घरच्यांना सांगा.

"पोर्तुगीज चांदीचा रुपया तीन लाख"

गोव्यात हाच मुद्दा सगळ्यांना भिडतो, कारण अनेकांच्या घरी एखादा तरी असतोच. कुणाच्या देवघरात, कुणाच्या लग्नातल्या ओटीत आलेला, कुणी कडी लावून पोराच्या करगोट्याला बांधलेला.

सगळ्यात जास्त सापडतो तो १८८२चा, एका बाजूला राजा लुईस पहिला, दुसऱ्या बाजूला मुकुटाखाली ढाल. १८७८ला पोर्तुगीज आणि ब्रिटिशांचा करार झाला आणि त्यानंतर हा रुपया ब्रिटिश रुपयाच्याच मापाने पडायला लागला, वजन ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के. म्हणजे शुद्ध चांदी साधारण १०.७ ग्रॅम. झिजलेला, कडी लावलेला, घासलेला असेल तर त्याची किंमत त्या दिवसाच्या चांदीच्या भावाभोवतीच फिरणार. चांगला, अक्षरं आणि राजाचे केस स्पष्ट असलेला असेल तर त्याच्यावर काही. कार्लूस राजाचा १९०३-०४चा किंवा पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आल्यानंतरचा १९१२चा असेल तर आणखी वर, कारण ते १८८२ इतके सर्रास सापडत नाहीत. १९४७चा असेल तर वजन १२ ग्रॅम पण चांदी निम्मी, म्हणजे सहाच ग्रॅम. आणि १९५२चा असेल तर त्यात चांदी अजिबात नाही, तांबं-निकेल आहे, दिसायला मात्र १९४७च्या बराचसा जवळ. आता यातल्या कुठल्या रुपयाला तीन लाख, हे मेसेजवाल्याने लिहिलेलंच नाही. साल विचारलं नाही, कंडिशन विचारली नाही, कडी आहे का विचारलं नाही, सरसकट तीन लाख. एवढ्यावरूनच कळायला हवं की लिहिणाऱ्याने हे नाणं कधी हातात धरलेलं नाही.

आत्याच्या बिस्किटाच्या डब्याचं काय झालं ते सांगतो, कारण सरळ व्यवहार कसा असतो ते त्यात दिसतं. गेल्या चवथीच्या आधी तिला घराच्या रंगरंगोटीला पैसे हवे होते म्हणून मी तिला घेऊन मडगावला गेलो. शेटनी डबा काउंटरवर रिकामा केला, मखमलीचं कापड खाली घातलं आणि आधी नुसती नाणी वेगळी केली, भावाची गोष्टच नाही. चांदीचे एकीकडे, निकेलचे एकीकडे, तांब्याची 'तांगा' नावाची जुनी पोर्तुगीज सुट्टी नाणी एकीकडे. मग छोटा डिजिटल काटा आमच्या बाजूला तोंड करून ठेवला आणि एकेक रुपया त्याच्यावर. ११.६, ११.५, एक झिजलेला ११.३. १९५२चे बघून आत्या म्हणाली हे पण चांदीचेच, तर त्यांनी एक १८८२चा आणि एक १९५२चा असे दोन तिच्या हातात देऊन कडेचा रंग बघायला लावला, भिंग दिलं, झिजलेल्या टोकांवरचा फरक दाखवला. नंतर १९१२चा एक निघाला तो बाजूला काढून म्हणाले, "ताई, हा या ढिगात घालू नका, हा वेगळा आहे, हा आज विकायची गरज नसेल तर ठेवून द्या." कडी लावलेल्या दोघांना मोडीचा भाव, का ते सांगितलं, कडी डागली की नाण्याची कड जळते आणि जमवणारा ते घेत नाही. मग जुन्या बिलाच्या पाठीवर तीन ओळींत हिशेब मांडला, त्या दिवसाचा चांदीचा भाव, ग्रॅम, त्याच्यावर चांगल्या नाण्यांचे जास्तीचे किती, आणि तो कागद तिला देऊन म्हणाले दोन ठिकाणी विचारा, मग या.

आम्ही विचारलं. एका सराफाने सगळे रुपये एकत्र तराजूत टाकून त्यांच्यापेक्षा कमी सांगितले, १९१२चा पण त्यातच. आत्या परत शेटकडे आली आणि तिथेच विकले. हा माणूस 'चोर'. आणि ज्याचा चेहरा बघितला नाही, दुकान बघितलं नाही, तो 'मान्य खरेदीदार'.

"शंभरला घेतात, हजारला विकतात"

आता यात अर्धं खरं आहे आणि ते मला मान्य करावंच लागेल. लुटणारे डीलर आहेत. पणजीला एका प्रदर्शनात माझ्या डोळ्यांसमोर एका वयस्क बाईंनी नवऱ्याचा सगळा संग्रह आणला होता, पाकिटात घालून, प्रत्येकावर साल लिहून, आणि टेबलावरच्या माणसाने एकही पाकीट न उघडता 'लॉटचे एवढे' म्हणून चांदीच्या वजनाचा भाव सांगितला. मी मध्ये बोललो तर मलाच म्हणाला तुम्हाला काय करायचंय. त्या बाई पाकिटं गोळा करून निघून गेल्या हे बरं झालं. ज्याला आपल्या हातात काय आहे हे माहीत नाही त्याच्या अज्ञानावर कमवणं ही चोरीच, मी तिला दुसरं नाव देणार नाही. वारसाहक्काने नाणी आलेले, घाईत पैसे हवे असलेले, एकटे राहणारे म्हातारे लोक, यांना बघूनच काहीजण भाव ठरवतात. हे धंद्यातल्या लोकांना माहीत आहे आणि ते उघडपणे बोलत नाहीत, हा त्यांचा दोष आहेच.

पण म्हणून घेण्याच्या आणि विकण्याच्या भावातला फरक म्हणजेच चोरी, हे कसं काय? सोनाराकडे दागिना मोडायला नेला तर घट धरतोच की, तेव्हा कुणी ग्रुपवर मेसेज टाकत नाही. डीलर दुकानाचं भाडं भरतो, प्रदर्शनाच्या टेबलाचे पैसे भरतो, जीएसटी भरतो, बिल देतो, नकली नाणं चुकून घेतलं तर ते त्याच्या बोडक्यावर. आणि मुख्य म्हणजे माल पडून राहतो. चांदीच्या कॉमन रुपयाला गिऱ्हाईक कधीही मिळतं, म्हणून त्याच्यात तो थोड्याशा फरकावर घेतो-विकतो. एखादं दुर्मिळ नाणं, ज्याच्यासाठी दोघं-तिघं आधीच सांगून ठेवलेले असतात, त्याला तो विकण्याच्या किमतीतला मोठा हिस्सा द्यायला तयार असतो, कारण आठवड्यात पैसे मोकळे होतात. पण झिजलेली तांब्याची नाणी, निकेलची सुट्टी नाणी, स्टीलचे पंचवीस पैसे, हे 'कुठलंही उचला' म्हणून डब्यात टाकून बसावं लागतं, वर्ष-वर्ष हलत नाहीत, एकेक निवडून, पाकिटात घालून, साल लिहून ठेवायला जो वेळ जातो तो नाण्याच्या किमतीपेक्षा जास्त. तिथे तो दहाचं नाणं दोनला घेणार आणि त्यात काही पाप नाही, फक्त त्याने ते तोंडावर सांगितलं पाहिजे.

तेव्हा किती फरक ठेवतो यापेक्षा तो फरक कसा सांगतो ते बघा. वजन तुमच्यासमोर करतो का? दुर्मिळ काय आहे ते विकत घ्यायच्या आधी सांगतो की नंतर गप्प बसतो? भाव लिहून देतो का? घरी विचारून येते म्हटलं तर तोंड वाकडं करतो, 'आत्ता दिलंत तर एवढे, उद्या नाही' असं घाईला आणतो? विकताना बिल देतो का, आणि नाणं नकली निघालं तर परत घेईन असं त्या बिलावर लिहून देतो का? मी स्वतः एवढंच बघतो. घाईला आणणारा दिसला की नाणी उचलतो आणि बाहेर पडतो.

आणि थोडं आपल्या बाजूचंही बोलूया. दुकानात जाऊन अर्धा तास डीलरकडून सगळी नाणी ओळखून घ्यायची, साल समजून घ्यायचं, असली-नकली तपासून घ्यायचं, एक रुपया न देता बाहेर पडायचं आणि मग त्यालाच ग्रुपवर चोर म्हणायचं, हे बरोबर आहे का? आत्याच्या बाबतीत नेमकं हेच झालं. तिला १९५२ आणि १८८२ यातला फरक त्याच माणसाने शिकवला होता.

"कॅटलॉगमधली किंमत हा तुमचा हक्क"

कॅटलॉगमधली किंमत ही साधारण विकण्याची किंमत असते, आणि तीही कंडिशनप्रमाणे वेगवेगळ्या रकान्यांत. लोक उजवीकडचा शेवटचा रकाना वाचतात, जो जवळजवळ न वापरलेल्या नाण्याचा असतो, आणि हातात असतो तो राजाचं नाकसुद्धा झिजलेला रुपया. परदेशी कॅटलॉग डॉलरमध्ये असतात, छापून वर्षं झालेली असतात, चांदीचा भाव मधल्या काळात कुठल्या कुठे गेलेला असतो, म्हणजे कधीकधी कॅटलॉगपेक्षा नुसती चांदीच महाग पडते. तसंच ऑनलाइन साइटवर कुणीतरी 'दोन लाख' लिहून ठेवलेलं नाणं म्हणजे त्याने मागितलेले दोन लाख, कुणी दिलेले नव्हेत. खरा भाव बघायचा तर लिलावात शेवटी कितीला गेलं ते बघा, आणि त्यातूनही विकणाऱ्याचं कमिशन जातं, पैसे हातात यायला काही महिने लागतात, हे धरूनच हिशेब करा. भारी नाणं असेल तर लिलावात द्यावं, मी स्वतः तेच सांगेन. साधं असेल तर लिलाववाले घेतच नाहीत.

"नाणी घासून चकचकीत करा"

कृपा करून हे करू नका. आत्याने मेसेज वाचून तो ठेवून दिलेला १९१२चा रुपयाच टूथपेस्टने घासला. मी भिंगाखाली बघितला तेव्हा अक्षरशः पोटात कालवलं. शंभर वर्षांत चांदीवर जो करडा-निळसर रंग चढतो, कडेला गडद होत जातो, तो सगळा गेलेला, मोकळ्या पांढऱ्या भागावर केसाएवढ्या गोल गोल रेषा, अक्षरांच्या कोपऱ्यांत पेस्ट अडकलेली. टूथपेस्टमध्ये घासणारी भुकटी असते, चांदी मऊ, ती ओरबाडली जाते. आता हा रुपया कुणाही जाणकाराला दाखवला तर तो पहिल्या नजरेत 'क्लीन केलेला' म्हणणार आणि किंमत खाली आणणार, आणि हे आता उलटं फिरवता येत नाही. चिंच, आमसुलं, लिंबू, राख, पितांबरी, देवाच्या भांड्यांना जे जे लावता त्यातलं काहीही नाण्याला लावायचं नाही. माती लागली असेल तर नुसत्या साध्या पाण्यात भिजत ठेवा, चोळू नका, मऊ कापडावर टिपून सुकवा. नाणं कडेला धरा, चित्राच्या बाजूला बोट लावू नका. बस.

फसवणाऱ्यांना नाणं नकोच असतं, म्हणून ते बिनधास्त सांगतात घासा. ज्याला खरंच विकत घ्यायचंय तो कधीच सांगणार नाही.

"दुकानात नाणं बदलतात"

बदलणारा भामटा कुठेही असू शकतो, नाकारत नाही. पण त्याच्यावर उपाय घरातच आहे. जायच्या आधी प्रत्येक नाण्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, उजेडात, कड दिसेल असा. किचनमधला ग्रॅमचा काटा असेल तर वजन लिहून ठेवा. एका वेळी एकच नाणं द्या, ते परत हातात आलं की दुसरं. सोबत कुणाला तरी घेऊन जा. कुणी नाणं घेऊन 'आत टेस्ट करून आणतो' म्हणाला तर नाही म्हणा, टेस्ट समोर होते. मडगाव, म्हापसा, पणजी धरून गोव्यात हा धंदा करणारे मोजके, बेळगाव-कोल्हापूर-मुंबईचे डीलर त्यांना ओळखतात, जमवणारे एकमेकांना ओळखतात, एकदा नाणं बदलल्याचं नाव झालं की त्या माणसाकडे ना कुणी विकायला जात ना कुणी घ्यायला. मेसेजमधल्या मोबाईल नंबरला असलं नाव जायची भीती नाही. उद्या सिम बदललं की झालं.

आत्याची तक्रार १९३० वर नोंदवलीय, बँकेला पण कळवलंय, आणि शेटना तिने काल स्वतः फोन केला. ज्यांनी ज्यांनी हा मेसेज ग्रुपवर टाकलाय त्यांना एवढंच सांगणं आहे की नुसता डिलीट करू नका. ज्या ग्रुपवर टाकला त्याच ग्रुपवर लिहा की हा खोटा आहे, आणि सोबत रिझर्व्ह बँकेचं २०२१चं ते पत्रक टाका. तुमच्या ग्रुपमध्ये कुणाची तरी आत्या आज पैसे भरायच्या तयारीत असेल.